हजेरी भरली की नाताळ

पहिल्या वर्षाचा माझा एक पाठ राहिला आहे. अध्यापक विद्यालयात पाठ, म्हणजे सरांसमोर वर्गावर शिकवून दाखवायचा तास, राहणं ही तशी मोठी गोष्ट नाही. कुणाचे दोन राहतात, कुणाचे तीन. पण आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यामुळे पाठ राहिला म्हणजे नेमकं काय झालं हे घरी सांगताना माझी तारांबळ उडते. अम्मीला ‘नापास’ एवढा एकच शब्द कळतो. अब्बा सोमाटण्याहून गुलाबाच्या फुलांचा टेम्पो चालवतात. त्यांनी मला शिकायला दोन वर्षं दिली आहेत आणि त्यापुढे एक दिवस नाही, असं प्रवेश घेतानाच सांगितलं आहे. तो पाठ पूर्ण झाल्याशिवाय पहिल्या वर्षाचा निकाल हातात मिळत नाही. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ते विचारतात, “बेटा, तो पाठ झाला का?”

“डिसेंबरात होईल.”

“पण राहिलाच कसा?”

याचं उत्तर एका वाक्यात देता येतं, पण कुणाचा विश्वास बसत नाही. लोणावळ्याजवळच्या एका शाळेत एक बाई होत्या आणि त्यांच्या वर्गातला नाताळ जानेवारीत झाला.

मी बाईंचं कौतुक करायला बसले आहे असं कुणी समजू नये. त्यांच्याबद्दल नीट विचार करायचं ठरवलं की पहिल्यांदा चिडचिडच होते. ती झाली की मग बाकीचं आठवतं.

कुरवंड्याच्या वाटेवर एक वाडी आहे. तिथे दोन खोल्यांची जिल्हा परिषदेची शाळा. एका खोलीत पहिली-दुसरी, ती गुरुजींकडे. दुसऱ्या खोलीत तिसरी-चौथी, ती बाईंकडे. बाईंच्या वर्गाचा पट एकोणीस. प्रत्यक्ष शाळेत राहून शिकवायला शिकायचं, याला आमच्याकडे आंतरवासिता म्हणतात. ती मला डिसेंबरभर या वर्गावर मिळाली. सोमाटण्याहून लोणावळा, तिथून जीप, मग पंधरा मिनिटं चढ. धुक्यात चढ दिसायचा नाही, नुसता लागायचा.

बाई पन्नाशी उलटलेल्या, बुटक्या. डिसेंबर लागला की कानटोपी घालायच्या आणि ती वर्गातसुद्धा काढायच्या नाहीत. चष्म्याच्या काड्या टोपीच्या आत. म्हणजे चष्मा काढायचा तर आधी टोपी काढायला हवी, आणि टोपी काढली तर कानाला वारं लागणार. त्यामुळे लांबचं बघायचं असलं की त्या हनुवटी छातीला टेकवून चष्म्याच्या वरून बघायच्या. समोरच्याला वाटायचं, आपलं काहीतरी चुकलं.

पहिल्या दिवशी मी नाव सांगितलं. त्यांनी तसंच वरून बघितलं आणि म्हणाल्या, “बरं. या, शिकाऊ बाई.” पुढे महिनाभर मला नाव नव्हतं. मुलंही तेच म्हणायला लागली. “ओ शिकाऊ बाई, ह्यो मला ढकलतोय!”

त्यांची मोठी खोड म्हणजे मोजणं. वर्गासाठी काहीही आणायचं असलं तरी एकोणीस. वीस नाही. एकदा त्यांच्याबरोबर लोणावळ्याच्या बाजारात कागद-पेन्सिलींच्या दुकानात गेले होते. दुकानदार म्हणाला, “बाई, रंगीत पेन्सिली वीसच्या पाकिटात येतात.”

“एक काढून घ्या.”

“अहो, पाकिटाची किंमत तीच राहणार.”

“राहू दे. एक काढून घ्या म्हटलं ना.”

त्याने पाकीट फोडलं, एक पेन्सिल गल्ल्यावर ठेवली आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाहेर आल्यावर मी भीत भीत विचारलं, “बाई, एक जास्त असली तर काय होतं?”

“जास्तीचं आणलं की कमी कोण आहे ते कळत नाही,” त्या म्हणाल्या आणि स्कूटरला किक मारायला लागल्या. स्कूटर सातव्या किकेला सुरू व्हायची. त्याही त्या मोजायच्या.

दुसरी खोड सणांची. त्यांच्या वर्गात सण तारखेला होत नसे. पटावरची सगळीच्या सगळी मुलं ज्या दिवशी हजर, त्या दिवशी सण. “हजेरी भरली की सण,” हे त्या रोज सकाळी एकदा तरी म्हणत. वर्गाचा आकाशकंदील त्या वर्षी दिवाळीनंतर दोन आठवड्यांनी लागला होता म्हणे. शेजारच्या खोलीतले गुरुजी मला म्हणाले, “मॅडम, आमच्या शाळेत दोन कॅलेंडरं आहेत. एक भिंतीवरचं आणि एक बाईंचं. तुम्ही कुठलं बघून आलात?”

“आणि पंधरा ऑगस्ट?” मी विचारलं.

“ती तारीख सरकारची आहे,” बाई आतून म्हणाल्या. “तिथं माझा इलाज नाही.”

आता डिसेंबरात या भागात हजेरी भरणं किती अवघड आहे, हे लोणावळ्याला फक्त फिरायला येणाऱ्यांना कळणार नाही. वाडीतली निम्मी मोठी माणसं बंगल्यांवर आणि हॉटेलांत कामाला. डिसेंबरचा पहिला शनिवार आला की पाहुण्यांच्या गाड्यांची रांग लागते ती नवं वर्ष लागेपर्यंत. आई स्वयंपाकाला, बाप बंगल्याच्या फाटकावर, मग घरात बारकं मूल असलं की मोठीला शाळेला सुट्टी. ज्या महिन्यात साऱ्या गावाला नाताळ असतो, त्याच महिन्यात वर्ग अर्धामुर्धा. आणि बाई म्हणणार, हजेरी भरली की नाताळ.

माझा शेवटचा पाठ नाताळावर होता. त्याचं नाव मी ‘चांदणीचे पाच कोपरे’ ठेवलं होतं. प्रत्येक मुलाने कागदाची पाच कोपऱ्यांची चांदणी करायची आणि एकेका कोपऱ्यावर डिसेंबरात पाहिलेलं, ऐकलेलं, वास घेतलेलं, चाखलेलं आणि हाताला लागलेलं असं एकेक लिहायचं. मग चांदण्या दोरीला लावायच्या. कागद घडी घालून एकाच कापात चांदणी कशी निघते ते मी तीन रात्री बसून शिकले होते. पाठ बघायला आमचे कॉलेजचे सर नाताळच्या आदल्या शुक्रवारी येणार होते. त्याआधी वर्गात नाताळची काही तयारी झालेली हवी, भिंतीवर काही दिसायला हवं, एवढीच माझी इच्छा होती.

तयारी बाईंनी करून घेतली, नाही असं नाही. पण ती त्यांच्या पद्धतीनं. मी कापसाचा बर्फ आणला होता. बाईंनी तो हातात घेऊन वर्गाला विचारलं, “हा काय आहे?”

“कापूस!”

“शिकाऊ बाई म्हणतात हा बर्फ आहे. बर्फ कुणी बघितलाय?”

एक हात वर. “बाई, आमच्या फ्रिजात हाय. लय साचलाय. आय चमच्यानं खरवडती.”

“मग तो काढा चित्रात.”

आणि सगळ्या वर्गाने नाताळच्या चित्रात फ्रिज काढले. दरवाजा उघडा, आत पांढरा डोंगर, समोर चमचा घेतलेली आई. मी चित्रांच्या गठ्ठ्याकडे बघत राहिले. हे सरांना काय म्हणून दाखवणार होते?

मग सांताक्लॉज. “तो कुणी बघितलाय?” तर एकजात सगळे हात वर. हॉटेलाच्या दारात उभा असतो, चिक्कीच्या दुकानापुढे असतो, एकाने तर रिक्षात बसलेला बघितला होता.

“बाई, माझा मामाच हाय सांता,” मागच्या बाकावरून आवाज आला. “त्या मोठ्या रिसॉर्टवं. गेल्या साली बी त्योच हुता.”

“खोटं बोलतोय बाई!”

“आईशप्पथ! दाढीनं लय खाजतंय म्हनला.”

बाईंना हे भलतंच आवडलं. त्यांनी सगळ्यांना मामाला विचारायचे प्रश्न लिहायला लावले. ‘दाढी कुणाची आहे?’ ‘जेवण मिळते का?’ ‘तुम्हाला कोण भेट देते?’ त्या दिवशीचा भाषेचा तास, गणिताचा तास आणि मधली सुट्टीही मामात गेली. मामाने पुढच्या आठवड्यात उत्तरं पाठवली. शेवटच्या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, ‘कोण नाय.’ बाईंनी ते मोठ्याने वाचलं, मग हळू वाचलं आणि कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला. मला उपक्रमाच्या फाइलला लावायला द्या म्हटलं तर, “पत्र आहे ते. फाइलला लावायचं नसतं,” असं म्हणाल्या.

पण हे सगळं सणाच्या आधीचं, असं बाईंचं म्हणणं. सण म्हणजे चांदण्या. आणि चांदण्यांना हजेरी भरायला हवी. पहिल्या आठवड्यात रोज तीन-चार जण कमी. सोमवारी दोघं तापाने. मंगळवारी सख्ख्या भावंडांची एक जोडी आंबीला लग्नाला. गुरुवारी ती परत आली तर त्यांच्या शेजारचा मुलगा तिकडे गेला. मी रोज पिशवीतून एकोणीस चौकोनी कागद काढायची, बाई रोज हजेरी घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आज नाही.” मी रोज कागद परत पिशवीत ठेवायची. त्यांचे कोपरे दुमडायला लागले.

दुसऱ्या आठवड्यापासून बाकीचे येऊ लागले, पण एक मुलगी कमीच. गौरी. तिसरीतली. तिचे आईवडील वरच्या अंगाला एका बंगल्यावर राहून काम करतात. तिला नऊ महिन्यांची बहीण. पाहुणे असले की बहीण गौरीकडे. बाई रोज साडेदहाला शाळेमागच्या पाण्याच्या टाकीजवळ जायच्या, कारण रेंज तिथेच, आणि गौरीच्या आईला फोन करायच्या. येताना कानटोपी नीट करत म्हणायच्या, “उद्या धाडते म्हणाली.”

तिसऱ्या आठवड्यात अम्मीला थंडी-ताप आला आणि मी बुधवारी शाळेत गेले नाही. गुरुवारी गेले तर बाई फळा पुसत होत्या. माझ्याकडे न वळताच म्हणाल्या, “काल सगळे होते. गौरीसुद्धा.”

माझा जीव भांड्यात पडला. “मग केल्यात चांदण्या?”

“नाही.”

“का?”

त्यांनी मागे वळून वरून बघितलं. “तुम्ही नव्हता.”

मला त्यांचा राग आला हे मी कबूल करते. मी पटावर नाही. महिनाभराची पाहुणी. मला धरून हजेरी भरायचं कारण काय? एक आख्खा दिवस हातात होता आणि तो या बाईंनी माझ्या नावावर घालवला. दुसऱ्या दिवशी सर येणार होते.

तो शुक्रवार उजाडला. त्या दिवशी बाईंना नेमकी आसपासच्या शाळांच्या केंद्राची बैठक, खाली लोणावळ्यात. त्या सांगून गेल्या होत्या, “हजेरी घ्या, मला फोन करा. भरली तर सुरू करा. मी बैठक झाली की येते.”

सर साडेदहालाच आले. चढाने दमले होते, त्यांना पुढे आणखी दोन शाळा करायच्या होत्या. मी हजेरी घेतली. अठरा. गौरी नाही.

मी टाकीजवळ गेले. तिथे किती वेळ उभी होते आठवत नाही. मी विचार करत होते की अठरा म्हणजे जवळजवळ सगळेच. एका मुलीमुळे माझं वर्ष अडतंय, आणि ही मुलगी काही आज येत नाही. अब्बांचा चेहरा आठवला. मी फोन लावला.

“किती?” बाईंनी विचारलं. त्या ‘हॅलो’ म्हणत नसत.

“एकोणीस,” मी म्हटलं.

पलीकडून बाईंचा आवाज असा आला, जसा मी कधी ऐकला नव्हता. लहान मुलीसारखा. “आली? खरंच? करा, करा सुरू! मी येतेच!”

मी वर्गात येऊन हजेरीपटावर गौरीच्या नावापुढे हजेरीची खूण केली. लपवून काय उपयोग, केली.

पाठ मात्र चांगला झाला. खरंच चांगला झाला. मुलांच्या हातातल्या कागदातून एका कापात चांदणी उलगडली तेव्हा सगळा वर्ग ‘हाऽऽ’ असं म्हणाला आणि सरसुद्धा वाकून बघायला लागले. कोपऱ्यांवर मुलं लिहीत होती. ऐकलेलं: ‘डीजे.’ वास: ‘शेकोटीचा, माझ्या स्वेटरला.’ हाताला लागलेलं: ‘सकाळचा नळ.’ सर मान डोलवत वहीत काहीतरी लिहीत होते. दहा मिनिटं राहिली होती.

तेवढ्यात बाहेर स्कूटर थांबली.

बाई धापा टाकत आत आल्या. टोपी वाकडी, दोन्ही हातात बेकरीचे खोके. बैठक अर्धी टाकून आल्या होत्या. “नाताळच्या शुभेच्छा!” असं म्हणत त्यांनी खोके उघडले. कपकेक. आधी एक काढून माझ्या टेबलावर ठेवला. मग रांगेने एकेका मुलाच्या हातावर ठेवत गेल्या. शेवटच्या बाकापर्यंत गेल्या आणि तिथे थांबल्या. खोक्यात एक केक उरला होता.

मला तेव्हाच कळलं.

सर हसत पुढे झाले. “एक उरलाय वाटतं? द्या, मी घेतो. चढून भूक लागलीये.”

त्यांनी हात पुढे केला आणि बाईंनी खोका चटकन मागे घेतला. “हा पटावरचा आहे,” त्या म्हणाल्या.

सरांचा हात तसाच राहिला.

बाईंनी बाकांवरून नजर फिरवली. मोजलं नाही, नुसती फिरवली. मग हनुवटी खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. “शिकाऊ बाई, हजेरी घ्या.”

“बाई, सकाळी घेतली…”

“परत घ्या.”

मी हजेरीपट उघडला आणि एकेक नाव वाचलं. तोंडात केक असलेली मुलं ‘हजर’ म्हणत होती. गौरीचं नाव वाचलं. दोघं-तिघं एकदम म्हणाली, “बाई, ती न्हाई आली. ती बंगल्यावं हाय.”

“काय लिहायचं मग?” बाईंनी विचारलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“गैरहजर,” मी म्हटलं.

त्यांनी लाल पेनाने माझ्या खुणेभोवती गोल केला, शेजारी सही केली आणि सरांकडे वळल्या. “सर, सण अजून झालेला नाही. पाठ परत बघायला लागेल.”

“मॅडम, असं कसं? अठरा मुलं आहेत. मुलं रमलेली आहेत. एक मुलगी नसली तर काय बिघडलं?”

“ते तुम्ही तिला विचारा.”

सर परत येणार नव्हते. त्यांच्याकडे बऱ्याच शाळा होत्या. त्यांनी माझ्या वहीत शेरा लिहिला, ‘मार्गदर्शक शिक्षिकेच्या मते पाठ अपूर्ण. त्यांच्या स्वाक्षरीने डिसेंबरअखेर पूर्ण करावा.’ आणि चढ उतरून गेले.

शाळा सुटली. मी रडले नव्हते, पण रडू येईल असं वाटत होतं, म्हणून भराभर आवरत होते. बाईंनी उरलेला केक माझ्या हातात दिला. “हा पोचवा.”

“मी?”

“हजेरी तुम्ही लावली होती ना.”

बंगल्याची वाट आणखी चढाची. सगळ्या वाटेवर मी मनातल्या मनात बाईंशी भांडत होते. चूक माझी होती हे मला मान्य होतं. पण सरांसमोर? मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? आणि एका मुलीसाठी अठरा मुलांचा सण थांबवणं हा कुठला न्याय?

बंगल्याच्या मागच्या पडवीत गौरीची आई भाज्यांचा ढीग निवडत बसली होती. मी कोण ते सांगितल्यावर तिने कपाळाला हात लावला. “तुमी बी आलात का? आवं, बाई रोज फोन करत्यात. रोज! रविवारी सुदिक केल्ता. म्या म्हनलं, बाई, आज साळा न्हाई. तर म्हनल्या, उद्याचं इचारते. बारकीला कुटं ठिवू मी? साळंत न्यायची तर रडून गोंधळ घालील. मलाच लाज वाटती.”

मला गौरीची आई एकदम जवळची वाटली. आम्ही दोघीही एकाच माणसाने पिडलेल्या होतो.

गौरी आली. कडेवर बहीण. मी केक पुढे केला. तिने घेतला नाही, आधी विचारलं, “सगळ्यांना भेटला?”

“हो.”

“मग सन झाला?”

मी तिच्याकडे बघितलं. माझ्या पिशवीत अठरा चांदण्या होत्या.

“नाही झाला,” मी म्हटलं.

“मला ठाव हुतं,” ती आईकडे वळून म्हणाली. “म्या म्हनलं न्हवतं? माझ्याबिगर बाई करत न्हाईत.” तिच्या बोलण्यात आनंद नव्हता की उपकाराची भावना नव्हती. आज शुक्रवार आहे असं सांगावं तसं ती सांगत होती. मग तिने केक मोडला, मधला मऊ भाग बहिणीच्या तोंडात घातला आणि राहिलेला स्वतः खाल्ला.

आईने भाजी निवडता निवडता दिवस मोजले. “नव्या सालापातुर पाव्हणं हटत न्हाईत. त्याच्या म्होरल्या सोमवारी बंगला रिकामा हाय. त्या दिशी धाडते. बारकीला घिऊन आली तर चालंल का पर?”

“चालेल,” मी म्हटलं. मला तसं सांगायचा अधिकार नव्हता.

शनिवारी मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी लगेच फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं, ‘नाताळ: जानेवारी, पहिला सोमवार.’

“बाई, माझी आंतरवासिता डिसेंबरात संपते.”

“हो ना,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच. मी आणखी थोडा वेळ उभी राहिले, पण त्या खडू मोजत होत्या.

त्या सोमवारी मी कॉलेज बुडवलं. आयुष्यात पहिल्यांदा. घरी सांगितलं नाही. लोणावळ्यात एका हॉटेलाच्या दारातली रोषणाई माणसं शिडीवर चढून उतरवत होती, मोठी पत्र्याची चांदणी रस्त्याच्या कडेला उलटी पडलेली. मी वाडीत पोचले तेव्हा वर्गात अठरा मुलं होती आणि बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मला बघून “आलात?” सुद्धा म्हटलं नाही. नुसत्या जरा सरकल्या.

गौरी सव्वाअकराला आली. कडेवर बहीण, खांद्यावर दप्तर, आणि पळत आल्यामुळे दोघींचे गाल लाल. बाईंनी हजेरी घेतली. “एकोणीस,” त्या म्हणाल्या. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघून, “वीस. करा सुरू.”

सुरू केलं आणि पाचव्या मिनिटाला गौरीची बहीण रडायला लागली. अशी रडायला लागली की गुरुजी शेजारून बघायला आले. बाईंनी तिला गौरीकडून काढून घेतलं आणि व्हरांड्यात फेऱ्या मारू लागल्या. मी पाठ दिला तो सगळा वेळ त्या बाहेर होत्या. खिडकीतून अधूनमधून कानटोपी जाताना दिसायची, परत येताना दिसायची. मुलांनी आपापल्या जुन्या चांदण्या पुढे ठेवल्या होत्या. गौरीने नवी कापली. माझ्यापेक्षा सरळ कापली. मग तिने उभं राहून वाचलं.

“पाहिलं: पाव्हण्यांच्या गाड्या, अकरा. ऐकलं: गाणी, मग भांडण, मग परत गाणी. वास: फिनेल. चव: केक, साळेतला.” शेवटचा कोपरा तिने चांदणी फिरवून वर घेतला. “हाताला लागलेलं: बारकीचं डोकं. ती झोपली की गरम लागतं.”

मुलांनी आपोआप टाळ्या वाजवल्या. मी दोरी बांधली. एकोणीस चांदण्या. जानेवारीत. बाहेर झोपलेलं मूल खांद्यावर घेऊन बाई दारात आल्या आणि दोरीकडे बघत ओठ हलवत राहिल्या. मोजत होत्या.

“बाई, तुम्ही पाठ बघितलाच नाहीत,” मी सहीसाठी वही पुढे करत म्हटलं. मला आता भीती वाटत नव्हती, नुसता वैताग आला होता.

“ऐकला,” त्या म्हणाल्या आणि एका हाताने सही केली. “तारीख घाला.”

“डिसेंबरची घालू? सरांनी डिसेंबरअखेर म्हटलंय.”

“आज काय वार आहे?”

“सोमवार.”

“मग?”

मी जानेवारीची तारीख घातली. निघताना त्यांनी मला नावाने हाक मारली नाही. “जपून उतरा, शिकाऊ बाई,” एवढं म्हणाल्या, तेही कुजबुजत, मूल उठू नये म्हणून.

कॉलेजात सरांनी वही उघडली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “नाताळचा पाठ जानेवारीत? हे वर पाठवलं तर परत येईल.” मग आवाज खाली आणून म्हणाले, “हे बघ, पाठ मी स्वतः जवळजवळ सगळा पाहिलाय, उत्तम होता. तारीख खोड, त्या शुक्रवारची घाल. मी शेजारी सही करतो. दोन मिनिटांचं काम आहे.”

त्यांनी पेन पुढे केलं. सर वाईट नाहीत. त्यांना मनापासून वाटत होतं की माझं वर्ष अडू नये. मी पेन हातात घेतलंही. मोठ्या माणसांसमोर मला नाही म्हणता येत नाही, कधीच आलेलं नाही.

“सर,” मी म्हटलं, “त्या दिवशी अठराच होते.”

“अगं, अठरा पुष्कळ झाले!”

“पट एकोणीसचा आहे, सर.”

मी पेन टेबलावर ठेवलं आणि वही परत घेतली. बाहेर आले तेव्हा पहिला विचार आला तो बाईंना शिव्या घालण्याचा. घातल्याही, मनातल्या मनात, जिना उतरेपर्यंत.

तर असा पाठ राहिला. या डिसेंबरात तो पूर्ण करायचा आहे. यंदा मला तळेगावच्या बाजूची मोठी शाळा मिळाली आहे, वर्गाचा पट चौतीस. चौकोनी कागद पहिल्याच दिवशी कापून तयार आहेत. इथल्या बाई समजूतदार आहेत, म्हणतात, कधीही सुरू करा.

काल अब्बा टेम्पो धुवून घरात आले आणि त्यांनी विचारलं, “झाला का गं पाठ?”

“नाही झाला.”

“का? आता काय अडलं?”

मी त्यांच्याकडे न बघता कागदांचे कोपरे सरळ करत राहिले. “एक जण यायचा राहिलाय,” मी म्हटलं.